भुकेवाचून

स्टीलहेड समुद्रातून नदीत शिरतो तेव्हा त्याचं जेवण आटोपलेलं असतं. एक-दोन, कधी तीन वर्षं त्याने उत्तर पॅसिफिकमध्ये माकूल, कोळंबीच्या जातीचे जीव आणि लहान मासे मनसोक्त खाल्लेले असतात. अंगावर चरबी धरलेली असते आणि तेवढ्या शिदोरीवर त्याला पुढचे कित्येक महिने काढायचे असतात. उन्हाळी स्टीलहेड मे-जूनपासून नद्यांत यायला लागतो आणि अंडी घालतो ती थेट पुढच्या वर्षी, हिवाळा सरता सरता. मधल्या काळात तो जवळजवळ काही खात नाही. अशा जेवून आलेल्या माशाच्या नाकासमोरून पिसं बांधलेला गळ न्यायचा आणि त्याने तो तोंडात धरावा म्हणून दिवसभर कंबरभर गार पाण्यात उभं राहायचं, याला आमच्या ओरेगनमध्ये सुट्टी म्हणतात.

आणि मासा लागलाच, तर तो मी खात नाही. मी जातो त्या नदीवर रानटी स्टीलहेड घरी नेता येत नाही. नेता आला असता तरी नेला नसता. म्हणजे दोरीच्या एका टोकाला भूक नसलेला मासा आणि दुसऱ्या टोकाला भूक नसलेला माणूस. पोटाचा प्रश्न दोन्हीकडून मिटल्यावर मागे काय उरतं आणि त्यापायी माणसं आयुष्यभर नदीत का उभी राहतात, तेवढंच मला सांगायचं आहे.

आधी माशाची ओळख. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. शास्त्रीय नावही एकच, ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. निलगिरीत आणि मुन्नारला इंग्रजांनी आणून सोडलेला रेनबो ट्राउट तो हाच. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेली काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात. काही मात्र दोनेक वर्षांची झाली की चंदेरी होतात, खाऱ्या पाण्यात जगता यावं म्हणून अंगातली व्यवस्था बदलून घेतात आणि समुद्राची वाट धरतात. आमच्या कोकणातल्या घरांचीच ही तऱ्हा: एक भाऊ गावात राहून शेती बघतो, दुसरा चाकरमानी होतो. नदीत राहिलेला भाऊ हातभर होतो न होतो. समुद्रावर गेलेला तीन-चार किलोंचा, कधी त्याहून मोठा होऊन, पोलादी निळ्या पाठीने परततो, आणि जन्मल्या नदीचा वास ओळखून बरोबर तिथेच येतो. पॅसिफिक सामन एकदा अंडी घातली की मरतो. स्टीलहेडला मात्र परत समुद्रात जाऊन पुन्हा येण्याची मुभा आहे. फार थोड्यांना ते जमतं, पण जमतं.

माझी नदी नॉर्थ अम्पक्वा. ‘माझी’ म्हणायला आधार एवढाच, की तिथे मी पाय पुष्कळ गारठवले आहेत. पोर्टलंडहून गाडीने दक्षिणेला चारेक तास. कॅस्केड पर्वतरांगेत, क्रेटर लेकच्या उत्तरेला ती उगम पावते. तिथली जमीन जुन्या ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची. वितळलेलं बर्फ पिऊन ठेवते आणि झऱ्यांतून उन्हाळाभर थोडं थोडं सोडते. त्यामुळे बाकीच्या नद्या ऑगस्टमध्ये कोमट होऊन बसतात तेव्हाही हिच्या वरच्या अंगाला पाणी गार आणि हिरवंगार असतं. काठाला डग्लस फर आणि सीडरची उंच झाडं. तळाला काळा बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच कातळ, त्यावर शेवाळ. बुटांच्या तळाला खिळे मारलेले आणि हातात काठी असेल तरच इथे पाण्यात उतरावं. जुनी मंडळीसुद्धा पाय टाकण्याआधी दगड चाचपून घेतात.

या नदीच्या सुमारे ५० किलोमीटर पट्ट्यात १९५२ पासून फक्त फ्लाय, म्हणजे पिसं बांधलेला गळ, वापरून मासा धरता येतो. गांडूळ नको, माशाची अंडी नकोत, चकचकीत पत्र्याचे चमचे नकोत. काऊबॉयच्या कादंबऱ्यांनी गाजलेला लेखक झेन ग्रे १९३० च्या दशकात इथे उन्हाळे काढायचा आणि १९३७ साली इथेच त्याला पक्षाघाताचा झटका आला. स्टीमबोट नावाच्या ठिकाणी ओढा नदीला मिळतो, तिथले डोह जगभरच्या गळवाल्यांना पाठ असतात: बोट, किचन, स्टेशन, आणि मेजर मॉटच्या नावाचे तीन मॉट. एका डोहाचं नाव ताकाहाशी. झेन ग्रेच्या जपानी स्वयंपाक्याचं हे आडनाव. पुस्तकं झेन ग्रेची गाजली, पण नदीवर रोज लोकांच्या तोंडी नाव येतं ते स्वयंपाक्याचं. मला हे आवडतं.

खेळाची सामग्री थोडी. तेरा फुटांची दोन हातांनी धरायची दांडी, रीळ, जाड रंगीत दोरी, तिच्या टोकाला न दिसणारा पातळ धागा आणि त्याला फ्लाय. हिवाळ्याच्या रात्री घरी टेबलावर दिवा ओढून घेऊन मी ग्रीन बट स्कंक बांधतो. चिमट्यात काळा गळ अडकवायचा. शेपटीला लाल पिसाच्या चार काड्या. तिच्या पुढे भडक पोपटी लोकरीचे दोन वेढे, पुढे काळी लोकर, तिच्यावरून रुपेरी जरीची तार फिरवत न्यायची. गळ्याशी काळं पीस गुंडाळायचं आणि वर पांढऱ्या केसांचा झुबका. बांधून झालं की ते जगातल्या कुठल्याच किड्यासारखं दिसत नाही. कोळंबीसारखंही नाही. तसं दिसायची गरजही नाही. ज्याला खायचं नाही त्याला खाद्याची नक्कल दाखवून काय मिळणार?

मग मासा ते धरतो तरी का? याची उत्तरं नदीवर जितकी माणसं तितकी. कुणी म्हणतं, लहानपणी याच नदीत किडे टिपलेले असतात, ती सवय जागी होते. कुणी म्हणतं, आपल्या जागेत कोण घुसलं म्हणून चिडून. मला पटतं ते कुतूहल. माशाला हात नाहीत. एखादी गोष्ट काय आहे ते बघायचं तर तोंडानेच बघावी लागते. डोहात थांबलेले स्टीलहेड पाण्यावरून वाहत आलेलं पान नाहीतर काटकी वर येऊन तोंडात धरतात आणि थुंकून टाकतात. त्यात खाण्याचा संबंध नसतो. दिवसभर एका जागी थांबलेल्या जिवाने केलेली ती चौकशी असते.

आता पाण्यात उतरू. डोहाच्या वरच्या टोकाला, मांडीभर पाण्यात, पाय रोवून. पाठीमागे झाडी अगदी अंगावर आलेली असते, त्यामुळे दोरी मागे भिरकावता येत नाही. स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आलेली फेकण्याची रीत इथे उपयोगी पडते: दोरी बाजूच्या पाण्यावर टेकवायची, पाण्याने ती क्षणभर धरून ठेवली की त्या पकडीच्या जोरावर दांडी वाकते आणि दोरी पुढे सुटते. नीट जमलं तर ती नदीवरून उलगडत जाते आणि फ्लाय पलीकडच्या धारेत, थोडी खालच्या अंगाला, आवाज न करता पडते. लगेच दांडीचं टोक उचलून दोरीचा फुगवटा वरच्या बाजूला उलटवायचा, म्हणजे मधली जोराची धार फ्लायला फरफटवत नेणार नाही. एवढं केलं की आपलं काम संपलं. पुढचं नदी करते. दोरी ताणली जाते, फ्लाय पलीकडून अलीकडे कमान घेत येते. कुठे वेग वाढतो, कुठे कातळाआडच्या संथ पाण्यात ती घुटमळते. हे सगळं दिसत नाही, बोटांत कळतं. शेवटी ती आपल्या थेट खाली येऊन धारेत लोंबकळते. थोडं थांबायचं, दोरी ओढून घ्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, आणि पुन्हा तेच.

कुणी विचारलं की यातला साधा आनंद कुठला, तर मी हे ‘दोन पावलं आणि पुन्हा तेच’ सांगेन. हजार वेळा फेकावं तेव्हा एक स्टीलहेड, अशी इकडे म्हण आहे. ती ऐकून नव्या माणसाला वाटतं, बाकीचे नऊशे नव्व्याण्णव वेळा वाया गेले. पण एका डोहावरून खाली उतरत गेलात की त्या डोहाचा प्रत्येक हात तुमच्या दोरीखालून गेलेला असतो. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याच्या पोटात कुठे दगड आहे, कुठे घळ आहे, कुठे दोन धारा एकमेकींना घासतात, ते समजतं. डिपर नावाचा करडा, गुबगुबीत पक्षी समोरच्या खडकावर उठाबशा काढून बघता बघता पाण्याखाली चालत जातो. ऑस्प्रे वरून घिरट्या घालतो. नदीवर खरी भूक असलेला तोच. फोनला तर रेंजच नसते. मासा येण्याची शक्यता मात्र सतत असते, आणि तेवढ्या शक्यतेने माणूस जागा राहतो. नुसतं ‘निसर्गात जाऊन बसा’ म्हटलं असतं तर मी पाचव्या मिनिटाला ऑफिसच्या कामाचा विचार करत बसलो असतो.

आणि मग कधीतरी, बहुतेक वेळा आपलं लक्ष डिपरकडे असताना, तो धरतो. चार हजार किलोमीटर पोहून आलेल्या जिवाची ती ओढ असते. बोटाखाली सैल ठेवलेला दोरीचा वेढा सर्रकन निघून जातो, रीळ किंचाळायला लागतं. या क्षणी काहीही करायचं नाही, हे शिकायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. सारं अंग हिसका द्यायला सांगतं, आणि हिसका दिला की फ्लाय तोंडातून निसटून येते. मासा वळू द्यावा, दोरी नेऊ द्यावी. वळताना गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मग दांडी उचलायची. तोवर तो पलीकडच्या काठाशी पाण्याबाहेर अंगभर उसळलेला असतो आणि आपण कातळांवरून धडपडत त्याच्या मागे निघालेलो असतो.

जवळ आला की पहिल्यांदा बघायचं ते त्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे. तिथे नखाएवढा मांसल पर असतो. हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा हा पर सोडण्याआधी कापतात. तो शाबूत असेल तर मासा नदीतच जन्मलेला, रानटी. त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही. एका हाताने शेपटीचा दांडा धरायचा, दुसरा हात पोटाखाली, तोंड प्रवाहाकडे. गळाला उलटा काटा नसतो, तो चिमटीने अलगद निघतो. त्याच्या गालावर आणि बाजूवर गुलाबी पट्टा उमटायला लागलेला असतो. समुद्राचा रंग उतरून नदीचा चढत असतो. कल्ले दोन-चार वेळा हलतात, शेपटीत जोर येतो आणि हात रिकामा होतो.

आमचे मामा मालवणजवळचे. आयुष्यभर एसटीत नोकरी केली, पण गरवण्याची आवड सोडली नाही. काही वर्षांपूर्वी ते उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांना मी नदीवर नेलं. काठावरच्या दगडावर बसून त्यांनी हा सगळा प्रकार नीट पाहिला आणि विचारलं, “गावलेलो मासो परत सोडतंस? मगे गरवतंस कित्याक?”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही खाडीवर रात्र रात्र बसायचात ते काय फक्त कालवणासाठी?”

“कालवणासाठीच,” ते म्हणाले. “बाकीचा वरकड.”

या उत्तरापुढे मला बोलता आलं नाही. भूक असलेल्या माणसाची मासेमारी सरळ असते. या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या टोळ्यांनी हजारो वर्षं स्टीलहेड आणि सामन खाल्ले, वाळवले, धुरी देऊन ठेवले, आणि नद्या भरलेल्याच राहिल्या. वॉशिंग्टन राज्यात १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की जुन्या करारांप्रमाणे धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्या टोळ्यांचा आहे. तेव्हा हौशी गळवाल्यांनी केवढा आरडाओरडा केला! पण नद्या रिकाम्या केल्या त्या धरणांनी, काठापर्यंत केलेल्या लाकूडतोडीने आणि बेसुमार व्यापारी मासेमारीने. मामांच्या ‘कित्याक’चं उत्तर देताना हे विसरून चालणार नाही. गळ लागल्यावर माशाला त्रास होतो. सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असंही नाही. पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो आधीच धापा टाकत असतो आणि त्या वेळी दांडी हातात घेणं हा निव्वळ दुष्टपणा आहे.

या प्रश्नाने नदीवरच्या काही जाणत्यांना एका टोकाला नेलं. ते फ्लाय बांधतात आणि गळाचं अणकुचीदार टोक पकडीने कापून टाकतात. मासा धरतो, ओढ लागते, एखादी उसळी दिसते आणि तो सोडून जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा चक्रमपणा वाटला होता. आता वाटतं, खेळाचं सार त्यांना सापडलं आहे. त्या हिरव्या पाण्याखालून कुणीतरी भूक नसताना केवळ कुतूहलापोटी आपल्या हातातली दोरी एकदा ओढून पाहिली, यापलीकडे मिळवण्यासारखं खरं तर काही नसतं. बाकीचा, मामांच्या शब्दांत, वरकड. मी अजून टोक कापत नाही. पण एक मासा लागला की त्या दिवशी दांडी आवरून ठेवतो आणि काठावर बसतो.

काठावर बसण्याच्या कलेत ली स्पेन्सर यांच्या पंगतीला बसणारा दुसरा नाही. हे पुरातत्त्वज्ञ. स्टीमबोट ओढ्यावर वरच्या अंगाला बिग बेंड नावाचा डोह आहे. तिथे एक गार पाण्याचा उपओढा येऊन मिळतो, म्हणून उन्हाळ्यात शेकडो रानटी स्टीलहेड तिथे दाटीने थांबतात आणि हिवाळ्याच्या पावसाची वाट बघतात. या ओढ्यात १९३२ पासून मासेमारीला बंदी आहे; पण एवढे मासे एका जागी म्हटल्यावर चोर आलेच. सुरुंग टाकून मासे मारल्यामुळे या डोहाला डायनामाइट होल असंच नाव पडलं होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पेन्सर आपल्या कुत्रीला घेऊन वसंतापासून पानगळ संपेपर्यंत तिथे मुक्काम करू लागले. पहारा द्यायचा आणि दिसेल ते वहीत टिपायचं. असे उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले. आता तिथे स्वयंसेवक आळीपाळीने बसतात.

मामांना मी तिथेही नेलं. वरून खाली पाहिलं की आधी नुसता हिरवा तळ दिसतो; मग डोळा सरावला की तळाच्या सावल्या हलतात आणि त्या सावल्या मासे असल्याचं लक्षात येतं. मामा बराच वेळ कठड्याशी उभे होते. मग पहारेकऱ्याकडे बघत मला म्हणाले, “हयसर देवी खय आसा?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता. नोकरीत काही वर्षं ते महाड डेपोला होते. तिथून जवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. त्या डोहातले मोठमोठे मासे वरदायिनी देवीचे मानतात. त्यांना कुणी हात लावत नाही, लोक कुरमुरे टाकतात आणि मासे वर येतात. मामांच्या हिशेबाने एवढे मासे एका डोहात सुखाने राहत असतील तर जवळपास देवी असलीच पाहिजे. मी त्यांना सांगितलं की इथे देवी नाही, कायदा आहे आणि खुर्ची टाकून बसलेला एक माणूस आहे. ते म्हणाले, “मगे माणूस बदलाचो नाय.” त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. देवीची बदली होत नाही, माणसाची होते, हे एसटीतला माणूस पक्कं जाणतो.

त्यानंतर २०२० च्या सप्टेंबरात आर्ची क्रीकचा वणवा या खोऱ्यातून गेला आणि सव्वा लाख एकरांहून जास्त रान जळालं. ज्या झाडांनी माझी दोरी अडवली होती त्यांतली कित्येक आता काळे खांब होऊन उभी आहेत. पुढच्याच उन्हाळ्यात समुद्रातून परतलेले स्टीलहेड इतके कमी होते आणि पाणी इतकं तापलं होतं, की राज्याने ऑगस्टपासून नदी मासेमारीला बंद केली. त्या वर्षी मी दांडी न घेता गेलो. आधी चुकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की एरवी मी जे करतो त्यातलं बहुतेक सगळं गळाशिवायही होत होतं. दोन पावलं खाली, पुन्हा बघायचं, पुन्हा दोन पावलं.

निराश व्हायचं कारण मात्र नाही. वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीवर १९१३ आणि १९२७ साली बांधून झालेली दोन धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली. शंभर वर्षं धरणांच्या वर कोंडलेले रेनबो ट्राउट तोवर पक्के गावकरी झाले असतील असं कुणालाही वाटलं असतं. वाट मोकळी होताच त्यांच्या वंशातले मासे समुद्रात गेले आणि उन्हाळी स्टीलहेड होऊन परत आले. नदीने वाट दिली तर मासा विसरलेला नसतो.

तुमचा मुलगा, पुतणी, भाची कुणी ना कुणी या किनाऱ्यावर असेलच. त्यांच्याकडे आलात तर क्रेटर लेक बघायला जालच. परतताना हमरस्ता सोडून १३८ नंबरच्या रस्त्याने नदीच्या काठाकाठाने या आणि ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर स्टीमबोटपाशी वळून बिग बेंडच्या डोहावर जा. पहाऱ्यावरचा माणूस आनंदाने मासे दाखवतो. त्याला दांडी लागत नाही, परवाना लागत नाही, पैसेही पडत नाहीत. हळू बोला, कुरमुरे टाकू नका, आणि मुलांना पाण्यात दगड टाकू देऊ नका.